थंडीत रोहूला भूक का लागत नाही? घोटीचं शेततळं आणि माझ्या एक्सेलमधली चूक

(हे या भागाचं शब्दांकन. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. बसमध्ये आहात आणि हेडफोन विसरलात, तर वाचा.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, 'याचं काय डोकं फिरलंय का?' एरवी आपण ॲप, नोकरी, इंटरव्ह्यू असल्या गोष्टींवर बोलतो आणि आज मी बोलणार आहे माशांवर. तेही समुद्रातल्या नाही, शेततळ्यातल्या. रोहू, कटला, मृगळ. आणि पाण्याच्या तापमानावर.

पण थांबा, स्किप करू नका. कारण ही गोष्ट खरं तर माझ्या एका बगची आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, सहा वर्षं कोड लिहितोय. आजपर्यंतचा माझा सगळ्यात महागडा बग मी ऑफिसमध्ये लिहिला नाही. तो मी घोटीला, मामांच्या ओट्यावर बसून, एका एक्सेल शीटमध्ये लिहिला. त्या बगमुळे एका सकाळी शंभरच्या वर मासे मेले.

आधी गावाबद्दल

घोटी म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाट चढलात, इगतपुरी गेली, की पुढे घोटी. कळसूबाईला जाणारे ट्रेकर इथूनच बारीकडे वळतात. पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भाताचा पट्टा, त्यामुळे गावात भाताच्या गिरण्या. आजूबाजूला धरणंच धरणं: १९१६ सालचं दारणा, मग भावली, मुकणे, वर वैतरणा. आणि एवढं सगळं असून एप्रिल-मे आला की तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर हंडे घेऊन पायपीट. हे 'पाऊस भरपूर, उन्हाळ्यात पाणी नाही' प्रकरण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर माझ्या मामांचं घोटीजवळ शेत आहे. भात, थोडा टोमॅटो. तिथे ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. माझा मामेभाऊ गोंद्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर होता, ते कंत्राट संपलं. घरी बसला. मग त्याच्या डोक्यात आलं, तळ्यात पाणी आहेच, तर मासे सोडू. मामांनी मामेबहिणीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेल्या पैशातून काही काढून दिले. ऑगस्टमध्ये १००० बोटुकल्या आल्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. खाद्य काय, तर गिरणीतून भाताचा कोंडा आणि सोबत शेंगदाणा पेंड, जोडीला थोडं विकतचं तरंगणारं खाद्य.

आणि घरात एक इंजिनिअर भाचा असल्यामुळे हिशेबाचं काम माझ्याकडे.

माझं सुंदर एक्सेल

मी काय केलं? एका व्हिडिओत खाद्याचा तक्ता होता. अमुक दिवसाला मासा अमुक ग्रॅमचा, त्याला वजनाच्या अमुक टक्के खाद्य. मी तो तक्ता एक्सेलमध्ये टाकला, फॉर्म्युले लावले, ग्राफ काढला. वर त्याच्यावरून रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज जाईल अशी व्यवस्था केली: 'आज खाद्य ३ किलो'. भाऊ खूश, मामा खूश, मी तर भलताच खूश.

ऑक्टोबरपर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे चाललं. जाळं टाकून दहा-बारा मासे काढायचे, वजन करायचं, परत सोडायचे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरासरी १२० ग्रॅम. ग्राफवर तंतोतंत.

मग डिसेंबर आला. घोटीची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगतो, पहाटे बाईकवर निघालात तर हँडल धरवत नाही. मी सुट्टीत गेलो होतो. सकाळी मामा तळ्याच्या बांधावर उभे. खाद्य टाकलं की आधी पाणी उकळल्यासारखं व्हायचं, ते आता काहीच नाही. कोंडा तसाच तरंगतोय, मग हळूहळू खाली बसतोय.

मामा म्हणाले, "अरे, पाणी गार पडलंय. मासा खाली बसलाय. खात नाय, तर कशाला टाकायचं?"

आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "मामा, थंडीत तर जास्त भूक लागते. आपण डिंकाचे लाडू कधी खातो?"

मामा गप्प बसले. भाचा शिकलेला ना! आणि मेसेज जात राहिला: 'आज खाद्य ५ किलो', '६ किलो'.

शेगडी नसलेलं घर

आता हा डिंकाचा लाडू नीट फोडून बघू, कारण सगळी चूक त्या लाडवात आहे.

आपल्याला थंडीत भूक जास्त का लागते? आपलं शरीर ३७ अंशांवर राहायला बघतं. बाहेर ९ अंश असोत नाहीतर ४०. त्यासाठी आत सतत शेगडी पेटलेली असते, आणि बाहेर गारठा वाढला की शेगडीला सरपण जास्त लागतं. म्हणून लाडू, म्हणून बाजरीची भाकरी.

माशाच्या अंगात ही शेगडीच नाही. पाणी १९ अंश असेल तर रोहूचं अंगही जवळपास १९ अंश. पाणी २९, तर रोहू २९. (मोठे टुना वगैरे समुद्री मासे अपवाद आहेत, पण ते आपल्या तळ्यात नाहीत.) आता, पचन म्हणजे काय? रासायनिक क्रिया. पोटातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, खाद्य तोडतात. आणि रासायनिक क्रियेचा वेग तापमानावर असतो. जीवशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. उलट बाजूनंही तसंच. १० अंश खाली, की वेग निम्मा किंवा त्याहून कमी.

म्हणजे डिसेंबरमधला माझा रोहू हा स्लो-मोशनमध्ये चाललेला रोहू होता. हृदय हळू, हालचाल कमी, सकाळी खाल्लेलं दुसऱ्या दिवशीही पोटातच. त्याला भूक लागणार कशी?

तुमच्या भाषेत सांगू? प्रोसेसरची क्लॉक स्पीड. मासा हा असा फोन आहे, ज्याची क्लॉक स्पीड पाण्याचं तापमान ठरवतं. सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही.

आपल्याकडचे रोहू, कटला, मृगळ यांना साधारण २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. त्यात ते खातात आणि वाढतात. २० च्या खाली गेलं की वाढ अगदी मंद. १५ च्या आसपास खाणं जवळजवळ बंद. मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. याच्या उलट हिमाचलमध्ये पतलीकुहलला ट्राउट पाळतात. त्या माशाला १० ते १८ अंशांचं पाणी हवं. आपल्या ऑक्टोबरच्या पाण्यात तो गुदमरेल. म्हणजे 'मासा' असा एकच प्राणी नाही. प्रत्येक जातीचा आपला आपला पट्टा आहे.

मग कोणी म्हणेल, पाणी जेवढं गरम तेवढं चांगलं? तिथेच दुसरी गंमत आहे. फोन फार तापला की काय होतं? स्वतःच स्लो होतो. थर्मल थ्रॉटलिंग. माशाचंही तसंच. तापमान वाढतं तसं त्याच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. पण पाण्याची गंमत अशी, की ते जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात एका लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. घोटीसारख्या घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी, म्हणून त्याहूनही थोडा कमी. म्हणजे गरज वाढतेय आणि पुरवठा घटतोय. म्हणून वाढीचा ग्राफ टेकडीसारखा दिसतो, पण दोन्ही उतार सारखे नसतात. थंड बाजूला हळूहळू चढण. माथा २८-३० च्या आसपास. आणि गरम बाजूला एकदम कडा. थंडीच्या बाजूला चुकलात तर खाद्य वाया जातं. गरमीच्या बाजूला चुकलात तर मासे जातात.

माझ्या बाबतीत दोन्ही झालं. आणि पहिल्या चुकीनंच दुसरी ओढून आणली.

मार्चमधली ती सकाळ

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तीन महिने मी कॅलेंडर बघून खाद्य टाकायला लावलं. माशांनी त्यातलं थोडं खाल्लं. बाकीचं कुठे गेलं? तळाशी. आमच्या तळ्यात कागद आहे, खाली माती नाही, त्यामुळे ते तिथेच थर होऊन बसलं. थंडीत काही झालं नाही. का? कारण कुजवणारे जिवाणूही थंडच होते ना! त्यांचीही क्लॉक स्पीड पाण्यावरच.

फेब्रुवारीअखेर जाळं टाकलं. ग्राफ म्हणत होता ३५० ग्रॅम. काटा म्हणाला १६०. मी म्हणालो, बियाणं खराब असेल. बघा, प्रोग्रॅमर! आधी दुसऱ्याच्या डेटाला दोष.

मग मार्चमध्ये ऊन वाढलं. पाणी तापलं. मासे जागे झाले, तसे तळाचे जिवाणूही जागे झाले, आणि त्यांना तीन महिन्यांची मेजवानी आयती मिळाली. ते कुजवताना प्राणवायू खातात आणि अमोनिया सोडतात. अमोनियाचंही तापमानाशी नातं आहे. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८ असेल तर २० अंशांना एकूण अमोनियाचा सुमारे ४ टक्के भाग विषारी रूपात असतो. ३० अंशांना तोच साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टेस्ट किटवर एकूण आकडा तोच, पण विष जवळजवळ दुप्पट.

एक दिवस अवकाळी ढग आले. दिवसभर आभाळ. तळ्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेही प्राणवायू वापरतं. त्या दिवशी ऊन नाही, त्यामुळे जमा काहीच नाही. रात्री खर्च मात्र चालूच: मासे, शेवाळ, जिवाणू. तळ्यातला प्राणवायू सगळ्यात कमी कधी असतो? पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी.

पहाटे पावणेसहाला भावाचा फोन. मी पुण्यात, अर्धा झोपेत. तो म्हणाला, "दादा, मासे तोंड वर काढून उभे आहेत. सगळे." मागे मामांचा आवाज येत होता. त्यांनी मोटर चालू केली होती आणि तळ्याचंच पाणी पाइपनं उंचावरून परत तळ्यात मारत होते. पाणी हवेतून पडलं की थोडा प्राणवायू घेतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्यामुळेच बरेचसे मासे वाचले. तरी दुपारपर्यंत १४० मेलेले मोजले. त्यात कटला जास्त.

मी सिन्नरमार्गे संध्याकाळी पोचलो. भाऊ बांधावर बसलेला. कोणी मला काही बोललं नाही. मामींनी चहा दिला. शेवटी मामाच म्हणाले, "जाऊ दे. शिकलो आपण." 'आपण' म्हणाले. खरं तर ते डिसेंबरमध्येच शिकलेले होते. शिकायचं मला होतं.

रात्री लॅपटॉप उघडला. शीटमध्ये कॉलम होते: तारीख, दिवस क्रमांक, वजन, संख्या, खाद्य, खर्च. तापमानाचा कॉलमच नव्हता. जो तक्ता मी उचलला होता तो वर्षभर गरम राहणाऱ्या पाण्यासाठीचा होता. तिथे दिवस आणि तापमान यात फारसा फरक पडत नाही, म्हणून तिथे तो चालतो. घोटीत नाही चालत.

तीन सेन्सर

पुढच्या हंगामात मी फक्त एक काम केलं: मोजायला सुरुवात. डीएस१८बी२० नावाचा एक तापमानाचा सेन्सर मिळतो, वॉटरप्रूफ, स्वस्त, अर्ध्या अंशाइतका अचूक. असे तीन घेतले. एक पाण्याखाली फूटभर, एक पाच फुटांवर, एक तळाशी. बांबूला बांधले. एका ईएसपी३२ बोर्डला जोडले, छोटं सोलर पॅनेल. दर १५ मिनिटांनी आकडा. यात रॉकेट सायन्स काही नाही. साधा थर्मामीटर दोरीला बांधून सकाळ-दुपार बुडवलात तरी तेवढंच काम होतं.

आकडे बघून मला नवीनच तळं दिसायला लागलं.

डिसेंबरअखेर हवा पहाटे ९ अंश आणि दुपारी २७. म्हणजे हवेत १८ अंशांचा झोका. पण पाणी? वरच्या थरात पहाटे साडेअठरा, दुपारी साडेएकवीस. तळाशी दिवसभर १८. पाणी हवेसारखं उड्या मारत नाही, रेंगाळतं. म्हणून फोनवरचं हवामान बघून तळ्याचा अंदाज बांधता येत नाही. दुपारी तुम्हाला ऊन लागतंय, टी-शर्टवर फिरताय, आणि खाली रोहूसाठी अजून थंडीच चालू आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये वर-खाली सगळीकडे २४-२५. संततधार पावसात तळं ढवळून निघतं. ऑक्टोबरमध्ये २६ ते २८, म्हणजे रोहूची दिवाळी खरी तीच. मेमध्ये दुपारी वर साडेबत्तीस आणि तळाशी साडेसत्तावीस. एकाच तळ्यात पाच अंशांचा फरक! मासा मूर्ख नाही, तो दुपारी खाली जातो. म्हणूनच खोली महत्त्वाची. चार फुटांच्या डबक्यात त्याला जायला जागाच नाही.

मग शीटमध्ये दिवसाऐवजी मी 'गुण' मोजायला लागलो. सोपं आहे. १८ अंश हा पाया धरला, हा माझ्या हिशेबापुरता आकडा. त्या दिवशीच्या सरासरी तापमानातून १८ वजा करा, उरले ते त्या दिवसाचे गुण. ऑक्टोबरचा दिवस २७ अंशांचा, ९ गुण. डिसेंबरअखेरचा दिवस साडेएकोणीसचा, दीड गुण. म्हणजे डिसेंबरचे सहा दिवस मिळून ऑक्टोबरचा एक दिवस होतो! शेतीत पिकांसाठी आणि किडींसाठी असा उष्णतेचा हिशेब करतातच. ३० च्या वर मात्र हा हिशेब बंद करायचा, कारण तिथे कडा सुरू होतो.

आता माझा जुना ग्राफ आठवा. थंडीचे ९० दिवस त्यानं ९० दिवस म्हणूनच मोजले होते. माशाच्या दृष्टीनं ते ऑक्टोबरचे जेमतेम पंचवीस दिवस होते. काटा १६० ग्रॅम म्हणत होता तेव्हा काटाच बरोबर होता.

मग हीटर लावू?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. भावानंही विचारला. चला, गणित करू, बारावीचं आहे.

एक किलो पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. आमच्या तळ्यात, उतार धरून, साधारण २० लाख लिटर पाणी. गुणाकार करा आणि विजेच्या युनिटमध्ये आणा: एका अंशासाठी अंदाजे २३०० युनिट. एका अंशासाठी! पाच अंश हवे असतील तर साडेअकरा हजार युनिट, आणि रात्री ती ऊब आभाळात निघून जाणार. विषय संपला.

ज्यांना घरामागे टाकीतलं बायोफ्लॉक करायचंय, त्यांच्यासाठी: १०,००० लिटरच्या टाकीला एका अंशाला १२ युनिटांच्या आसपास. परवडेल असं वाटतं, पण लहान टाकी रात्री तितक्याच झपाट्यानं गारही होते. टाकीवर शेड, बाजूनं झाकण, हे आधी. हीटर नंतर. आणि नाशिकच्या थंडीत पंगस माशाचा विचार करत असाल तर दोनदा करा. तो गरम देशातला मासा, गारठ्यात रोहूच्या आधी आजारी पडतो.

आजारावरून आठवलं. थंडीत माशाची प्रतिकारशक्तीही मंदावते. अंगावर लाल जखमा पडतात, त्याला ईयूएस म्हणतात. बुरशीसारख्या एका जिवामुळे होतो आणि पाणी गार झालं की जोर धरतो. त्यामुळे थंडीत सारखं जाळं टाकून मासे हाताळणंही आम्ही बंद केलं. खरचटलं की तिथूनच सुरुवात होते.

पावसाचं गाव, उन्हाचा प्रश्न

आता सुरुवातीचं ते वाक्य: पाऊस भरपूर, उन्हाळ्यात पाणी नाही.

घोटीत बियाणं मिळतं पावसाळ्यात. कारण हे मासे प्रजननच पावसाळ्यात करतात. पहिल्या पुराला ओढ्यातून भातखाचरात चढणारे चढणीचे मासे आपण सगळ्यांनी पकडलेत ना, तोच हंगाम. पूर्वी रोहू-कटलाची पिल्लं नदीतूनच गोळा करायला लागायची, कारण हे मासे तळ्यात अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधुरी नावाच्या शास्त्रज्ञांनी १० जुलै १९५७ ला ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. आज हॅचरीत २७-२८ अंशांच्या पाण्यात रोहूची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. तिथेही तापमान आहेच.

तर पिल्लू ऑगस्टमध्ये तळ्यात पडतं. त्याला चांगलं ऊबदार पाणी मिळतं नोव्हेंबरपर्यंत. मग तीन महिने थंडी. मार्चपासून परत ऊब, पण तेव्हाच तळ्याचं पाणी उतरायला लागतं. टोमॅटोला द्यायचं असतं, काही वाफ होऊन जातं. मेमध्ये तळं अर्ध्यावर. म्हणजे ऊब आहे तेव्हा पाणी नाही आणि पाणी आहे तेव्हा ऊब नाही. आमच्या गावाचा मासेपालनातला खरा पेच हा आहे.

यावर एक उपाय आंध्रातले मत्स्यपालक कधीपासून वापरतात. कोल्लेरूच्या आसपास, कृष्णा-गोदावरीच्या पट्ट्यात. ते पिल्लं वर्षभर दाटीनं, कमी खाद्यावर, मुद्दाम छोटीच ठेवतात. मग ही वर्षाची पण लहान राहिलेली बोटुकली मोठ्या तळ्यात सोडली की ती झपाट्यानं वाढते, राहून गेलेली वाढ भरून काढते. आम्ही तेच केलं. दुसऱ्या वर्षी भावानं ३०० पिल्लं तळ्याच्या कोपऱ्यात हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, बाजूला ठेवली. यंदा जुलैत तळं भरल्याबरोबर ती शंभरेक ग्रॅमची पिल्लं सोडली. म्हणजे ऑक्टोबरच्या त्या नऊ-नऊ गुणांच्या दिवसांना समोर बोटाएवढं पिल्लू नाही, तगडा मासा होता.

दुसऱ्या वर्षाचा निकाल सांगतो. चमत्कार झाला नाही. थंडीत खाद्य पाण्याप्रमाणे: २४ च्या वर पूर्ण, २० ते २४ मध्ये निम्मं आणि तेही दुपारी, १८ ते २० मध्ये चिमूटभर, त्याखाली बंद. त्या हंगामात खाद्याच्या गोण्या पहिल्या वर्षाच्या जेमतेम दोनतृतीयांश लागल्या. मार्चमध्ये एकही सकाळ तशी आली नाही. मेमध्ये घोटीच्या बाजारात अर्धा-पाऊण किलोचे मासे विकले. बहिणीच्या ॲडमिशनचे पैसे परत जागेवर ठेवले. भाऊ अजून श्रीमंत झालेला नाही, पण तळ्यावर आहे, आणि आता आजूबाजूचे दोघं-तिघं त्याला फोन करून विचारतात, आज पाणी किती?

जाता जाता

तुमच्याकडे किंवा तुमच्या काकांकडे, आत्याकडे शेततळं असेल तर तीनच गोष्टी. एक, आजच थर्मामीटर घ्या, सकाळी सहा आणि दुपारी तीनला, वर आणि खाली, आकडा वहीत लिहा. दोन, खाद्याचा कुठलाही तक्ता घेतलात तर आधी विचारा, हा कुठल्या पाण्यासाठीचा? तीन, खाद्य टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटं बांधावर उभे राहा. मासा खात नसेल तर तो तुम्हाला आकडाच सांगतोय.

आणि एक चौथी, माझ्यासारख्यांसाठी. घरातला कोणी न शिकलेला माणूस 'पाणी गार पडलंय' म्हणाला, तर लाडवाचं उदाहरण देण्याआधी पाण्यात हात घालून बघा.

हा भाग मी घोटीतूनच रेकॉर्ड करतोय, जानेवारी आहे, मागे जो आवाज येतोय तो गिरणीचा. आत्ता फोनवर आकडा आलाय: तळाशी १८.४. मामा सकाळीच हात बुडवून म्हणाले होते, "आज नको टाकू." मेसेज आता असा जातो: 'आज खाद्य बंद. मामांना विचारून घ्या.'

तुमच्या तळ्याचं, विहिरीचं, टाकीचं आजचं तापमान मला व्हॉइस नोटवर पाठवा, गावाच्या नावासकट. पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू. काळजी घ्या, आणि डिंकाचा लाडू खा. तुम्ही खा, रोहूला देऊ नका.